कूलिंग टॉवरच्या पाण्यात बुळबुळीत थर: नेमकं कोणतं औषध घालावं?

भट्टीवाला_उद्यमबाग
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री आहे. ५०० किलोची इंडक्शन भट्टी आणि मागं एक कूलिंग टॉवर. कॉइल आणि पॅनेलचं पाणी डीएम (क्षार काढलेलं), बंद चक्रात फिरतं. ते प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये आपली उष्णता टॉवरच्या पाण्याला देतं. डीएमच्या बाजूला काही तक्रार नाही. सगळा घोळ टॉवरच्या बाजूला.

टाकीच्या भिंतीवर बोट फिरवलं की तपकिरी जेलीसारखा थर हाताला येतो. स्ट्रेनर दर चार दिवसांनी साफ करायला लागायलाय. एक्स्चेंजर तीन महिन्यांत दोनदा उघडला. दुपारी तिसऱ्या हीटला (भट्टीच्या तिसऱ्या घाण्याला) पॅनेलचा टेंपरेचर अलार्म ठरलेला. वरच्या डेकवर हिरवं शेवाळ आहे ते वेगळंच.

औषधवाला दर शनिवारी दोन लिटर औषध घालून जातो. पहिले दोन-अडीच महिने बरं होतं, आता काही फरक पडत नाही. मधल्या दिवसांत आमचा हेल्पर डबाभर ब्लीचिंग पावडर टाकतो. पाणी थोडं कॉर्पोरेशनचं, थोडं बोअरचं, एप्रिल-मेमध्ये टँकरचं. पीएच ८.६, टीडीएस १८०० च्या आसपास.

प्रश्न एकच: कोणतं औषध चांगलं? नाव सांगा, घेऊन टाकतो.

कुंदाप्रेमी
जो नाव सांगेल त्याला भट्टीवाल्यांकडून पावकिलो कुंदा. मी नुसता बघायला बसलोय.

जुना_फोरमन
आमच्या वेळी औषधबिषध काही नव्हतं. महिन्याला एकदा टॉवर रिकामा करायचा, दोन पोरं आत उतरवायची, काथ्या आणि ब्रश. वर ब्लीचिंग. तीस वर्षं भट्टी चालवली. आता बघावं तर ज्याच्या त्याच्या हातात कॅन!

रसायनवाला
@भट्टीवाला, तुमचा पीएच वाचला आणि अर्धं कोडं तिथंच सुटलं. ब्लीचिंग घाला नाहीतर हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) घाला, जंतू मारतं ते हायपोक्लोरस आम्ल. पीएच ७.५ च्या आसपास ते निम्मं आम्लाच्या रूपात आणि निम्मं हायपोक्लोराइटच्या रूपात असतं. ८.५ ला आम्लाचा भाग जेमतेम दहा टक्के उरतो. उरलेला नव्वद टक्के माल मारायच्या कामाला फारच मंद. म्हणजे हेल्पर दहा डबे टाकतोय आणि काम एक डबा करतोय.

टॉवरचं पाणी हवेतून पडताना कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्यामुळं पीएच आपोआप वर सरकतो. अशा पाण्यात ब्रोमीन बरं. हायपोबरस आम्लाचं हे निम्मं-निम्मं गणित ८.७ च्या जवळ येतं, म्हणजे तुमच्या पाण्यात ते अजून अर्धं तरी कामाचं असतं. सोडियम ब्रोमाइड आणि हायपो मिळून जागेवरच तयार करता येतं.

ब्लीचिंगचं आणखी एक. ताज्या पावडरीत ३३-३५ टक्के क्लोरीन असतो, पण आपल्याकडं जून ते सप्टेंबर पोतं उघडं राहिलं की त्यातला किती उरतो ते देव जाणे. चुना मात्र सगळा तुमच्या टाकीत. तळाला पांढरा गाळ बसतो आणि त्याच्या खाली जंतूंना छान घर मिळतं.

@जुना_फोरमन काका, घासणं हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण पाइपांच्या आत कोणतं पोरगं उतरवणार?

जुना_फोरमन
पाइपात नाही उतरवत. पण पोरांना काम होतं की हो.

चरकावरचा_केमिस्ट
मी चिकोडीकडं एका साखर कारखान्यात लॅबमध्ये असतो. कारखाना कोणता ते विचारू नका.

औषधाचं नाव विचारण्याआधी मी एकच विचारेन: जंतूंना जेवायला कोण घालतंय? नुसत्या बोअरच्या पाण्यात बोटभर जाड थर येत नाही. त्याला अन्न लागतं.

आमच्याकडं स्प्रे पॉन्डचं पाणी कंडेन्सरला जातं. साखर शिजवायचा पॅन जरा जोरात उकळला, की वाफेबरोबर साखरेचे थेंब निसटून त्या पाण्यात पडतात. साखर म्हणजे काय, जंतूंना घरपोच डबा. पॉन्डच्या कडेला मऊ, पांढुरकी साय धरते, नोझल बुजतात, व्हॅक्यूम घसरतो. मग अल्फा-नॅफ्थॉलची टेस्ट: नमुन्यात दोन थेंब टाकून बाजूनं सल्फ्युरिक आम्ल सोडायचं. जांभळी रिंग आली की समजायचं कुठला तरी पॅन थुंकतोय. आधी तो पॅन नीट करायचा, मग औषध. उलटं केलं तर औषधाचं बिल वाढतं आणि साय तशीच राहते.

गव्हाणीवर आणि मिलमध्ये तर युद्धच. ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू रसातल्या साखरेपासून डेक्स्ट्रान बनवतो. रस चिकट होतो, साखरेचा दाणा लांबुडका येतो, गाळणीला त्रास. तोडलेला ऊस दोन दिवस ट्रॉलीत उन्हात राहिला की हा पाहुणा आधीच आत आलेला असतो. म्हणून दर शिफ्टला मिल गरम पाण्यानं आणि वाफेनं धुवायची, कोपरे-चाळण्या खरवडायच्या, मग बायोसाइड, म्हणजे जंतू मारायचं औषध. गरम पाणी बंद ठेवून नुसतं औषध घातलं तर हिशेब बसत नाही, हे आम्ही प्रत्येक हंगामात नव्यानं शिकतो.

तर @भट्टीवाला, टॉवरच्या पाण्यावर भट्टीशिवाय आणखी काय काय थंड होतं? हायड्रॉलिकला तेल किती टॉप-अप करताय?

भट्टीवाला_उद्यमबाग
@चरकावरचा_केमिस्ट, भट्टी कलती करायला हायड्रॉलिक पॉवरपॅक आहे, त्याचा ऑइल कूलर याच पाण्यावर चालतो. कॉम्प्रेसरचा आफ्टरकूलर पण. टॉप-अप होतं थोडंफार, फिटर म्हणतो सिलिंडरचा सील गेलाय. पण तेल पाण्यात आलं असतं तर तवंग दिसला असता ना? पाण्यावर तवंग अजिबात नाही.

जुना_फोरमन
बरोबर. तेल लपत नसतं.

सीएनसीवाली_ताई
टॉवर माझ्याकडं नाही, पण जंतूंशी लढाई रोजची आहे. मच्छेला आमची चार मशीनं. सुटीच्या दुसऱ्या दिवशी शेड उघडलं की सडक्या अंड्यांचा वास. सुरुवातीला मला वाटायचं गटार तुंबलंय! तो वास कूलंटच्या, म्हणजे कटिंगवर सोडायच्या पाणी-तेलाच्या, टाकीतून यायचा.

मशीन बंद असलं की कूलंट हलत नाही. वर स्लाइडवेचं तेल तरंगतं, हवा आत जात नाही, मग हवेशिवाय जगणारे जंतू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात. काळा गाळ, वास, आणि कास्टिंगवर डाग. पीएच ९.२ वरून ८.४ ला आला की मी समजते, आता आठवड्याभरात वास येणार.

शिकलेल्या तीन गोष्टी सांगते. ऑपरेटर कमी पडलेल्या टाकीत नुसतं पाणी ओततात, त्यामुळं कूलंट पातळ होतं. आता रिफ्रॅक्टोमीटरनं बघून ५-८ टक्क्यांत ठेवतो. दुसरं, बेल्ट स्किमरनं वरचं तेल रोज काढायचं. तिसरी गंमत: सुटीला माशांच्या टाकीचा हवेचा पंप सोडून ठेवते. साडेतीनशे रुपयांचा. कॅनवाल्यांनी मला हे कधीच सांगितलं नव्हतं.

आणि बायोसाइड हातानं ओतणाऱ्यांनो, हातमोजे घाला. आमच्या एका पोराच्या मनगटावर महिनाभर पुरळ होतं. आयसोथायझोलिनोन जातीच्या औषधांची ॲलर्जी एकदा धरली की सुटत नाही.

कुंदाप्रेमी
ताई, माशांचा पंप बसवलात, मासे कधी सोडताय?

सीएनसीवाली_ताई
तुम्हीच या पोहायला.

शेतकरी_येळ्ळूर
वाचून झालं. सगळे हुशार आहेत. टॉवर धुतला की ते पाणी कुठं सोडताय, ते कुणी सांगितलं नाही. आमचं भाताचं रान आहे. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की काय काय वाहून येतं ते आम्ही बघतो. तुमच्या टाकीतले जंतू मरायला घातलेलं औषध आमच्या मातीतल्या जंतूंना ओळखतं काय, की 'हे येळ्ळूरचे आहेत, यांना सोडा' म्हणून?

रसायनवाला
@शेतकरी_येळ्ळूर, प्रश्न रास्त आहे. औषध घातल्यावर किमान एक दिवस ब्लोडाऊन (टॉवरचं क्षार साठलेलं पाणी थोडं थोडं बाहेर सोडणं) बंद ठेवायचा असतो. एक तर औषधाला काम करायला वेळ मिळतो, दुसरं म्हणजे जोरात असताना ते बाहेर जात नाही. डीबीएनपीएसारखी औषधं चढ्या पीएचला काही तासांत विघटन पावतात. ग्लुटारअल्डिहाइड आणि क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम जातीची औषधं) जास्त टिकतात. काहीही असलं तरी थेट नाल्यात सोडणं चूकच.

ब्लोडाऊनवरून आठवलं. एका ठिकाणी आम्हीही डोस वाढवून वाढवून दमलो होतो. १२ घनमीटरची सिस्टीम. फ्लोट व्हॉल्व्ह अडकला होता आणि ओव्हरफ्लोमधून तासाला साधारण हजार लिटर पाणी गुपचूप जात होतं. त्या हिशेबानं औषध आठ तासांत निम्म्यावर. शनिवारी संध्याकाळी घातलेलं रविवारी दुपारी कुठं होतं? गटारात. @भट्टीवाला, तुमची सिस्टीम किती लिटरची आहे? दोन लिटर डोस कशावरून ठरवला?

भट्टीवाला_उद्यमबाग
खरं सांगू? माहीत नाही. औषधवाला दोन म्हणाला म्हणून दोन.

सीमेवरचा_साप
बेळगाव लिहिलंय म्हणून विचारतो, ड्रमवरची सूचना कोणत्या भाषेत असते ओ? आमच्याकडं फक्त इंग्रजीत. मराठीत का नाही, यावर एक वेगळा

सीमेवरचा_साप
(आधीचा प्रतिसाद अर्धा गेला) ...वेगळा धागा काढायला पाहिजे. इथं सगळं असंच चालतं.

निपाणीकर
झालं सुरू. १९५६ पासून चाललंय, जंतूंच्या धाग्यात तरी सोडा. आमच्या शेडमध्ये सूचना मराठी, कन्नड आणि हिंदी तिन्हीत मी स्वतः खडूनं लिहिल्यात. कारण हेल्पर तिन्ही भाषांचे, आणि आम्ल कोणत्याही भाषेत भाजतं.

कसं लिहिलं तेही सांगतो. एका पोरानं स्केल काढायच्या आम्लाच्या बादलीत उरलेलं हायपो ओतलं, बादली रिकामी करायची म्हणून. पिवळट धूर, क्लोरीन. नशीब, शेडला तिन्ही बाजूंनी भिंत नव्हती. पोरगं तासभर खोकत होतं, दवाखान्यात नेलं, बरं झालं. त्या दिवसापासून हायपोचं मग निळं आणि आम्लाचं लाल, आणि दोन्ही वेगवेगळ्या खोलीत.

संपादक
सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे. इथं पाण्यावर बोलूया.

मेंटेनन्स_मंग्या
शेवाळ आणि बुळबुळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिरवं शेवाळ उजेडावर जगतं. वरच्या डेकवर पत्रा टाका, उजेड बंद, पंधरा दिवसांत निम्मं काम फुकट. तपकिरी थर अंधारात, पाइपात, प्लेटांच्या फटीत वाढतो, त्याला उजेड नको.

आणि पाण्यात पोहणारे जंतू मारणं सोपं असतं. खरे उपद्रवी भिंतीला चिकटून, आपल्याच चिकट पदार्थाच्या गादीत बसलेले. औषध वरचा पापुद्रा मारतं, खालचे जिवंत. आधी बायोडिस्पर्संट घालून ती गादी सैल करायची, मग ऑक्सिडायझर, म्हणजे क्लोरीन-ब्रोमीनसारखं औषध. एकच औषध वर्षभर घातलं की त्याला टिकणारेच मागं उरतात, म्हणून दोन वेगळ्या जातीची आलटून पालटून. पण दोन्ही एकाच वेळी नको, क्लोरीन दुसऱ्यालाच खाऊन टाकतो.

हा थर पातळ दिसतो म्हणून हलका घेऊ नका. कॅल्शियमच्या स्केलपेक्षा तो उष्णता चारेक पट वाईट वाहून नेतो, कारण तो मुळात बहुतेक पाणीच. दुपारचा अलार्म त्याचाच.

डॉक्टरीणबाई_टिळकवाडी
धाग्यावर सगळे भट्टीची काळजी करताय, माणसांची कुणी नाही. टॉवरचं ३० ते ४० अंशांचं पाणी लिजिओनेला या जंतूला फार मानवतं. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियात एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं होतं, तिथं न्यूमोनियाची साथ आली आणि त्यातून हा जंतू सापडला. तो पाणी पिऊन नाही, तर बारीक तुषार श्वासातून गेल्यावर लागतो. एकाकडून दुसऱ्याला सहसा लागत नाही. तेव्हा प्रेशर जेटनं टॉवर धुणाऱ्या पोरांना चांगला मास्क द्या. साधा रुमाल नव्हे. साठीच्या पुढचे, सिगारेट ओढणारे, मधुमेही, यांना तिथं उभं करू नका.

जुना_फोरमन
बाई, मी साठीच्या पुढचा आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत विडी ओढत होतो. कुणी मला पत्ता सांगितला नाही या जंतूचा.

डॉक्टरीणबाई_टिळकवाडी
काका, तपासायला या एकदा. फी नको.

चरकावरचा_केमिस्ट
सगळं वाचतोय. पण @भट्टीवाला, माझा प्रश्न तवंगावर अडकून सुटला. पॉवरपॅकमध्ये तेल नक्की कोणतं? भट्टीशेजारी आगीच्या भीतीनं बऱ्याच ठिकाणी वॉटर-ग्लायकोल भरतात. ते पाण्यात विरघळतं. तवंग येणारच नाही! आणि ग्लायकोल म्हणजे या जंतूंना बासुंदी.

एक सोपी तपासणी. हायपो घाला, फ्री क्लोरीन १ पीपीएमपर्यंत न्या, अर्ध्या तासानं परत मोजा. शून्य आला तर पाण्यात क्लोरीन खाणारं काहीतरी आहे.

रसायनवाला
+१. हे मी आधी विचारायला हवं होतं. मी पीएचच्या प्रेमात पडलो.

भट्टीवाला_उद्यमबाग
ड्रम बघून आलो. गुलाबी रंगाचं, वॉटर-ग्लायकोल. आता फिटरशी बोलतो.

कुंदाप्रेमी
थरार सुरू झाला. चहा ठेवतो.

भट्टीवाला_उद्यमबाग
बऱ्याच दिवसांनी परत आलो, माफ करा. मध्ये ऑर्डरची गडबड होती.

क्लोरीन मोजला. १ पीपीएम घातला, अर्ध्या तासात शून्य. परत घातला, परत शून्य. मग ऑइल कूलर काढला. फिटर म्हणत होता की वेळ वाया जाईल. तेलाच्या बाजूनं हवेचा दाब दिला, कूलर हौदात बुडवला, आणि दोन नळ्यांतून बुडबुडे! पंप चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त, म्हणजे रोज थोडं थोडं ग्लायकोल टॉवरच्या पाण्यात जात होतं. सिलिंडरचा सील धडधाकट निघाला.

सिस्टीमचं पाणीही मोजलं, मीटर लावून भरलं तेव्हा ९ घनमीटर. पाइपातलं पाणी कुणी धरलंच नव्हतं. आणि भट्टी बदलली तेव्हा जुन्या भट्टीकडं जाणारी लाइन टोकाला नुसती बंद करून ठेवलेली. तिच्यात पाणी हलतच नव्हतं. कापली तर आतून काळा चिखल, आणि ताईंनी सांगितलेला तोच अंड्यांचा वास. दोघं पोरं शेडबाहेर पळाली.

मग क्रमानं केलं. कूलरच्या दोन नळ्या प्लग केल्या, नवा मागवलाय. डेकवर पत्रा. आम्ल थोडं सोडून पीएच आठच्या खाली आणला. बायोडिस्पर्संट आणि हायपो घालून रात्रभर फिरवलं. सकाळी पाणी दुधाच्या चहासारखं आणि वर फेस. ते वेगळ्या टाकीत घेतलं, क्लोरीन उतरेपर्यंत ठेवलं, मग एफ्लुएंट (कारखान्याचं सांडपाणी) उचलणाऱ्या टँकरला दिलं. @शेतकरी_येळ्ळूर, नाल्यात नाही गेलं.

डिप स्लाइडवर (पाण्यात बुडवून जंतू मोजायची पट्टी) आधी दहा लाखांच्या वर आकडा होता, म्हणजे मिलिलिटरला. गेल्या आठवड्यात दहा हजाराच्या जवळ. फ्री क्लोरीन आता ०.३ वर टिकतोय. आता औषध ब्रोमाइड-हायपोचं, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या जातीचं. स्ट्रेनर वीस दिवस उघडला नाही. अलार्म फक्त एकदा वाजला, तोही लाइट गेली होती म्हणून.

मेंटेनन्स_मंग्या
मेलेल्या लाइनीबद्दल लिहिणारच होतो मी. पण लिहिलं नाही. असो.

शेतकरी_येळ्ळूर
टँकरवाला कुठं नेतो, तेवढं एकदा बघून घ्या म्हणजे झालं.

भट्टीवाला_उद्यमबाग
@शेतकरी_येळ्ळूर, खरं आहे. पुढच्या खेपेला मागं बाईक घेऊन जातो.

कुंदाप्रेमी
कुंदा केमिस्टला. पण कारखान्याचं नाव सांगत नाहीत, पोचवायचा कुठं?

चरकावरचा_केमिस्ट
येळ्ळूरला पोचवा. भातावर खातील. मला एकच सांगा @भट्टीवाला, टॉप-अपचा हिशेब लॉगबुकात होता का?

भट्टीवाला_उद्यमबाग
होता. दर पंधरा दिवसांनी चार लिटर, सात महिने. खाली माझीच सही.